तुम्ही विचारलंत म्हणून: साखरेने लक्षात राहतं की विसरायला होतं?

परीक्षा जवळ आली की हा प्रश्न हमखास येतो आणि विचारणारे बहुधा विशी-पंचविशीतले असतात. खरं तर हे दोन प्रश्न आहेत. एक आत्ता प्यायलेल्या ग्लासाचा, दुसरा रोजच्या सवयीचा.

आधी ग्लास. मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण ऊर्जा तो सुमारे २० टक्के वापरतो. दिवसाला साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज. म्हणून साखर खाल्ली की डोकं चालतं, असं सर्रास सांगितलं जातं. पण निरोगी माणसाला हे ग्लुकोज साध्या जेवणातून मिळतं आणि रात्री पोट रिकामं असताना यकृत ते पुरवत राहतं.

प्रयोगांमध्ये उपाशीपोटी आलेल्यांना बहुतेकदा २५ ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज पाण्यातून देतात आणि तुलनेसाठी तेवढंच गोड, पण बिनसाखरेचं पाणी. मग शब्दांची यादी पाठ करायला लावतात. वयस्कांमध्ये फरक बऱ्यापैकी दिसतो. तरुणांमध्ये तो मुख्यतः काम अवघड असेल, लक्ष दोन ठिकाणी विभागलेलं असेल, तेव्हाच दिसतो. मात्रा दुप्पट केली म्हणून फायदा दुप्पट होत नाही, उलट घटू शकतो. शिवाय घरातली साखर म्हणजे अर्धं ग्लुकोज, अर्धं फ्रुक्टोज, आणि फ्रुक्टोजचा बराचसा भाग आधीच यकृतात खर्ची पडतो. तरतरी येते म्हणावं, तर तीही नाही: २०१९ साली ३१ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात कर्बोदकं घेतल्यावर तासाभरात सतर्कता कमीच झालेली दिसली.

सवयीचं प्रकरण जास्त गंभीर आहे. नव्या आठवणी जुळवणारा मेंदूचा भाग, हिप्पोकॅम्पस, आहाराबाबत हळवा असतो. वाढत्या वयाच्या उंदरांना साखरेचं पाणी पाजलं की जागा लक्षात ठेवण्यात ते मागे पडतात. सडपातळ, निरोगी तरुणांनी जेमतेम आठवडाभर साखर आणि चरबी भरपूर असलेला आहार घेतला, तरी याच भागावर अवलंबून असलेल्या चाचण्यांत त्यांची कामगिरी घसरली. तिथे चरबीही होती, त्यामुळे सगळा दोष साखरेच्या माथी मारता येणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ची मर्यादा इथे उपयोगी पडते: वरून घातलेल्या साखरेतून (मध आणि फळांचा रसही यातच) एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी. २००० कॅलरींच्या आहारात ही मर्यादा ५० ग्रॅमची; जमल्यास २५. कोलाच्या एका ३३० मिलीच्या कॅनमध्येच सुमारे ३५ ग्रॅम साखर असते.

स्वतःवर ताडून पाहायचं असेल तर वीस-वीस शब्दांच्या चार-सहा वेगळ्या याद्या करा. दर वेळी वेगळा दिवस, पण वेळ तीच, झोप सारखी, कॉफी नाही. ग्लास दुसऱ्याने भरायचा, आत काय आहे ते सांगायचं नाही. पिऊन पंधरा मिनिटांनी पाठांतर, त्यानंतर अर्ध्या तासाने आठवलेले शब्द लिहून काढायचे. बहुतेकांची चूक इथेच होते: आधी बिनसाखरेचा दिवस, मग साखरेचा. सरावानेच आकडा वाढतो आणि श्रेय साखरेला जातं. म्हणून क्रम चिठ्ठी टाकून ठरवा. दोन-तीन शब्दांचा फरक तर नुसत्या योगायोगानेही पडतो.