सर्वानुमते

शुक्रवार, 30 जानेवारी, रात्री

खरं तर घरपट्टी भरायला गेले होते परवा. पावती होईपर्यंत उभी होते तर टेबलावर प्रोसिडिंगची वही उघडीच पडलेली, आणि पान नेमकं सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेचं. कुणी दाखवलं नाही, मीच वाकून वाचलं. विषय क्र. 6, पिंपळाच्या पारासभोवती पेव्हर ब्लॉक बसविणे व आठवडे बाजार एसटी स्टँडमागील जागेत हलविणे. 'सदर विषयावर सविस्तर चर्चा होऊन सर्वानुमते मंजुरी देण्यात आली.' खाली सूचक, अनुमोदक. दोघं एकाच घरातले, ते असो.

तेव्हापासून भाकरी थापताना तेच, पाणी भरताना तेच. सर्वानुमते. म्हणजे त्यात मी पण आले ना?

मी उठून बोलले होते हो. या गावात येऊन सव्वीस वर्षं झाली, पहिल्यांदा माईक हातात घेतला, तो आधी कुंई करून किंचाळला, मग बोलले. चांगली पाच-सात मिनिटं. म्हणलं स्टँडमागे एक झाड नाही, वाड्यांवरच्या म्हाताऱ्या सकाळच्या गाडीने मेथीच्या चार जुड्या घेऊन येतात त्या उन्हात बसतील का, आणि बुंध्यापर्यंत ब्लॉक ठोकले तर पिंपळाला पाणी कुठून मिळणार. आणि घरी दोनदा आरशासमोर म्हणून बघितलेलं वाक्य, की पंधराव्या वित्त आयोगाचा, म्हणजे केंद्राकडून पंचायतीला येणारा, साठ टक्के पैसा बंधित आहे, तो पाणी आणि स्वच्छतेलाच लावायचा असतो, तर त्यातून बाजारात येणाऱ्या बायकांसाठी आधी एक मुतारी बांधा. मुतारी म्हणल्यावर मागची पोरं हसली. जाऊ दे ते.

मग कोणीतरी म्हणलं, वहिनी, पंधराव्या आयोगाचं हे शेवटचं वर्ष, मार्चच्या आत खर्च नाही झाला तर निधी परत जाईल. झालं. निधी परत जाईल म्हणलं की आमच्याकडे सगळे असे दचकतात जणू घरातलं सोनंच चाललंय. कोणीतरी मंजूर मंजूर म्हणलं, तेवढ्यात शाळेतून जिलबी आली, आणि हात वर करा वगैरे काही झालंच नाही. आणि मी? मी जिलबी घेतली. चिकट बोटांनी हजेरीच्या रजिस्टरवर सही पण केली. गणपूर्तीला मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, जे कमी असेल ते लागतं, म्हणजे त्या शंभरात मी मोजली गेले आणि माझं बोलणं 'सविस्तर' या एका शब्दात गेलं. हिशोब बघा.

'माझा विरोध नोंदवून घ्या' असं म्हणायला पाहिजे होतं. एवढं एक वाक्य. आरशासमोर तेच राहिलं.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, तुला कुणी सांगितलं होतं उठायला. भाऊसाहेबांना विचारलं (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं असं निघालंय, पण तोंडात भाऊसाहेबच येतं), तर ते म्हणाले, ताई, सगळ्यांचं सगळं लिहायला बसलो तर वही पुरेल का. सरपंचबाई नुसत्या हसल्या आणि शेजारी बघितलं. शेजारी कोण बसतं ते सगळ्यांना माहितीये.

काल गुरुवार, बाजार. ती मेथीवाली आजी विचारते, बाई, उठवणार व्हय आमाला? मी म्हणणार होते की मी तुमच्या बाजूने बोलले. पण कागदावर तर मी मंजुरी दिलीये. दोन जुड्या जास्तीच्या घेतल्या आणि आले निघून. आता तीन दिवस मेथीच.

बचत गटाच्या ट्रेनिंगला एकदा गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाबद्दल ऐकलं होतं. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणणारं गाव. तिथं बहुमतसुद्धा चालत नाही म्हणे, एकालाही पटलं नसेल तर थांबतात, पुन्हा बसतात, पुन्हा बोलतात. लहान गाव आहे, जंगल सगळ्यांचं आहे, आपल्याकडे तसं कुठून होणार, हे मला कळतं. पण तिथं मी असते तर बाजार अजून पाराखालीच असता, माझ्या एकटीमुळे. या विचारानं काल रात्री फार बरं वाटलं, आणि मग स्वतःचीच कीव आली.

पुढच्या सभेत विषय क्र. 1 असतोच, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. तेव्हा उठता येईल. पुढची सभा एक मेला. उन्हात येणार कोण, गणपूर्ती होणार नाही, सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागतच नाही. तोपर्यंत ब्लॉक बसलेले पण असतील.

आज गटाची मीटिंग होती, वही माझ्याकडेच असते. सहज मागची पानं चाळली. शेळीच्या कर्जावरून दोघींचं असं जुंपलं होतं की एक चप्पल न घालताच घरी गेली आणि पुढे दोन महिने आली नाही. त्या दिवशीची नोंद, माझ्याच अक्षरात: सविस्तर चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर. खाली दुहेरी रेघ, पट्टीने मारलेली. भाऊसाहेबांपेक्षा अक्षर चांगलंय माझं. एकटीच हसत बसले, सासूबाईंनी आतून विचारलं काय झालं म्हणून.

आज बचत शंभरची दोनशे करायची होती. म्हशीवाली नको म्हणत होती, अगदी हळू, मला ऐकू आलं होतं. आत्ता नोंद लिहायला बसले तर हात आपोआप चालला. सर्वानुमतेपर्यंत जाऊन थांबला. उद्या सकाळी दूध घालायला येईल तेव्हा तिला विचारून मग पुढचं लिहीन म्हणते.

'सविस्तर' मात्र खोडलं. दहा मिनिटं तर बोललो.