आज फक्त पाय बघितले
भरतीची वेळ बघूनच खाडीकाठचे स्थलांतरित पक्षी बघायला मुंबईत भांडुप पंपिंग स्टेशनला गेलो होतो. ओहोटीला हे पक्षी खाडीच्या चिखलात इतके लांब पसरतात की दुर्बिणीतून नुसते ठिपके दिसतात, पाणी चढलं की मग जवळ येऊन दाटीवाटीने बसतात. एप्रिलमुळे त्यातले कर्ल्यू सँडपायपर (चिखलात चरणारे छोटे पक्षी) मस्त विटकरी लाल व्हायला लागलेत, सैबेरियाला जायची तयारी. सगळे रंगाचे फोटो काढत होते आणि मी आपला एकेकाचे पाय तपासत बसलेलो 😄 आणि सापडला ना! एकाच्या पायात धातूची रिंग आणि प्लास्टिकचे दोन फ्लॅग, म्हणजे पक्षी ओळखता यावा म्हणून अभ्यासकांनी लावलेल्या छोट्या रंगीत पट्ट्या, पण कोड वाचणार तेवढ्यात एक महाशय फ्लाइट शॉट पाहिजे म्हणून सरळ चालत पुढे गेले, अख्खा थवा उडाला. काय बोलणार अशा लोकांना.

नशीब, थवा परत तिथेच उतरला.

रिंगवरचा नंबर वाचायला पक्षी बहुतेक वेळा परत पकडावाच लागतो, फ्लॅग मात्र लांबूनही वाचता येतो. रंगांची जोडी बघून कुठे लावला ते कळतं आणि अक्षरांवरून नेमका कुठला पक्षी तेही. म्हणून कुणाला दिसला तर तारीख, जागा, कुठला पाय, वर कुठला रंग खाली कुठला आणि फोटो, एवढं बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, पक्ष्यांना रिंग लावणारी संस्था) ईमेल करा. फोटो धूसर असला तरी पाठवा, अर्धा कोडही कधीकधी कामाला येतो. माझ्या फोटोत शेवटचं अक्षर पी आहे की आर ते कळत नाहीये, दोन्ही लिहून पाठवलंय. उत्तर आलं की टाकतोच इथे.