इंजेक्शनची बाटली, पण तोंडाने

मेडिसिन वॉर्डात जुलाबाचे पेशंट रोजचेच. पावसाळ्यात तर खाटा पुरत नाहीत. पण या काकू आल्या फेब्रुवारीत, आणि घरात दुसऱ्या कुणालाच काही झालेलं नव्हतं. दिवसाला दहा-बारा जुलाब, ताप, पोट फुगलेलं, रक्तात पांढऱ्या पेशी वाढलेल्या. मुलगा कळवळून सांगत होता, "सिस्टर, बाहेरचं काहीच खाल्लं नाही हो. पाणीसुद्धा उकळून देतो."

राउंडला डॉक्टर मॅडमनी खाण्याचं विचारलंच नाही. "गेल्या दोन-तीन महिन्यांत कुठली अँटिबायोटिक घेतली?" मुलाला आठवेना. सूनबाईंना आठवलं, दाढ काढली तेव्हाच्या कॅप्सूल. पिशवीत रिकामं पाकीटही निघालं: क्लिंडामायसिन. जुलाब थांबावेत म्हणून मेडिकलमधून आणलेल्या लोपेरामाइडच्या गोळ्या चालूच होत्या. त्या मॅडमनी लगेच बंद केल्या. जुलाब जंतूमुळे असतील आणि त्याचं विष आत कोंडलं तर मोठं आतडं फुगून फाटूही शकतं.

शौचाच्या तपासणीत क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल हा जंतू आणि त्याचं विष, दोन्ही सापडलं. दाढेसाठी घेतलेल्या औषधाने आतड्यातले उपयोगी जंतूही मारले जातात आणि मोकळ्या जागेत हा जंतू फोफावतो. त्याच्या विषाने आतड्याला सूज येते.

औषध ठरलं व्हँकोमायसिन, १२५ मिलिग्रॅम, दिवसातून चार वेळा, १० दिवस. कॅप्सूल मिळेनात, म्हणून इंजेक्शनची पावडर पाण्यात विरघळवून मी काकूंना प्यायला दिली. मुलगा घाबरलाच. "इंजेक्शन पाजताय?" त्याला सांगितलं, शिरेतून दिलं तर हे आतड्यात पुरेसं पोचत नाही. गिळलं तर रक्तात फारसं न जाता जिथे दुखणं आहे तिथेच राहतं.

मला खरी धास्ती शेजारच्या खाटांची होती. या जंतूचे बीजाणू, म्हणजे कवचात झोपलेली त्याची रूपं, सॅनिटायझरने मरत नाहीत. काकूंना वेगळी खोली, वेगळं बेडपॅन दिलं. मावशींपासून इंटर्नपर्यंत प्रत्येकाला ग्लोव्हज काढल्यावर साबण-पाण्याने हात धुवायला लावले, फरशी हायपोक्लोराइटने (ब्लीचच्या पाण्याने) पुसून घेतली. कुणाला माझी कटकट वाटली असेल, पण त्या वॉर्डात डायलिसिसचे पेशंट होते.

काही दिवसांत ताप उतरला, काकू मऊ भात मागू लागल्या. पण हा आजार साधारण पाचातल्या एकाला पुन्हा होतो. डिस्चार्ज कार्डावर मॅडमनी मोठ्या अक्षरांत निदान लिहिलं. मी मुलाला बजावलं, "दोन महिन्यांत पुन्हा जुलाब लागले तर मेडिकलमध्ये जायचं नाही, थेट इथे यायचं. आणि दाताच्या डॉक्टरांनाही हे कार्ड दाखवायचं."