एकदाही अजिंक्यपद नाही, तरी माइक मार्टिनच का?

माझ्या लेखी सगळ्यात मोठा कोच कोण, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. कॉलेज बेसबॉलचा विषय निघाला की मी अमेरिकेतल्या फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचे कोच माइक मार्टिन यांचं नाव घेतो. त्यावर प्रश्न ठरलेला: "अहो, पण त्यांनी राष्ट्रीय अजिंक्यपद एकदाही जिंकलं नाही ना?"

नाही जिंकलं. १९८० ते २०१९ अशी सलग ४० वर्षं ते मुख्य कोच होते. राष्ट्रीय स्पर्धेतले शेवटचे आठ संघ ओमाहा शहरात जमतात, तिथे ते १७ वेळा पोहोचले. १९८६ आणि १९९९ मध्ये अंतिम सामनाही गाठला. १९९९ ला मायामीने त्यांना ६-५ असं हरवलं. एका धावेने!

तरीही मला मोठं वाटतं ते हे, की त्या ४० वर्षांत एकाही हंगामात त्यांचे विजय ४० च्या खाली गेले नाहीत आणि राष्ट्रीय स्पर्धा एकदाही हुकली नाही. एकूण विजय २,०२९. निवृत्त झाले तेव्हा कॉलेज बेसबॉलमध्ये एवढे विजय दुसऱ्या कुणाच्याच नावावर नव्हते.

हे अवघड का, तर कॉलेजच्या कोचच्या हाती संघ टिकतच नाही. उत्तम खेळाडू बहुधा तिसऱ्या वर्षानंतर ड्राफ्टमधून, म्हणजे व्यावसायिक संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यातून, व्यावसायिक संघाकडे जातो. म्हणजे मुलगा तयार झाला की निघालाच. त्याच्या जागी शाळकरी पोरं हेरायची, त्यांच्या आईवडिलांना पटवायचं. पैसाही तुटपुंजा: मार्टिन यांच्या अखेरच्या काळात नियमाने संघाला ११.७ पूर्ण शिष्यवृत्त्या मिळत, त्या जास्तीत जास्त २७ जणांत वाटायच्या. ही जुळवाजुळव दरवर्षी नव्याने.

बस्टर पोझी हा खेळाडू त्यांच्याकडे शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक) म्हणून खेळत होता. तिथेच तो कॅचर, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा, झाला. २००८ मध्ये एका सामन्यात तो मैदानावरच्या नऊही जागांवर खेळला! पुढे सॅन फ्रान्सिस्को जायंट्स या व्यावसायिक संघाबरोबर त्याने तीन वर्ल्ड सिरीज, म्हणजे व्यावसायिक बेसबॉलची अजिंक्यपदं, जिंकल्या. असा खेळाडू जिथे घडला, त्या कोचच्या नावावर फक्त ट्रॉफ्या मोजणं मला अपुरं वाटतं.

ओमाहात दोन सामने हरलात की घरी. तिथे एखादा पिचर (चेंडू टाकणारा) दमला, एखादा चेंडू हातातून निसटला, की वर्षभराची मेहनत गेली. हंगाम मात्र फेब्रुवारीपासून चालतो, आणि कोचचं काम त्यात दिसतं.

त्यांचा शेवटचा, २०१९ चा हंगाम घ्या. राष्ट्रीय स्पर्धेआधी संघाचे विजय जेमतेम ३६ होते. स्पर्धेसाठी निवड होईल की नाही, इथूनच शंका. निवड झाली, मग जॉर्जिया विद्यापीठाला त्यांच्याच मैदानात मागे टाकलं, लुइझियाना स्टेटला त्यांच्याच घरी सलग दोनदा हरवलं आणि ओमाहा गाठलं. तिथे आर्कान्सावर १-० असा विजय, मग मिशिगन आणि टेक्सस टेककडून हार. मार्टिन यांची कारकीर्द तिथेच संपली, ४२ विजयांच्या हंगामावर. २०२४ मध्ये ते गेले. त्यांच्याबद्दल बोलताना 'अपयश' हा शब्द कुणी वापरला, तर मी आजही हिरीरीने भांडतो.