हाताला बसणारा ‘एबल’

इंग्रजीच्या तासाला ‘एबल’ येतो तो कायम ‘टू’चं बोट धरून. ‘विल कॅन’ चालत नाही, ‘विल बी एबल टू’ म्हणायचं, हे लातूरच्या ट्यूशनमधली पोरं झोपेतही सांगतील. अर्थ विचारला तर ‘सक्षम’. आता सक्षम म्हटलं की मला तरी सत्काराची शाल आणि नारळच दिसतो. हा शब्द मुळात एवढा भारदस्त नव्हता.

तो आला लॅटिनमधल्या ‘हॅबिलिस’वरून, आणि त्याच्या मागं ‘हॅबेरे’, म्हणजे धरणे, जवळ बाळगणे. धरायला सोपं, वापरायला सोयीचं ते हॅबिलिस. रोमन कवी व्हर्जिलनं हे विशेषण चक्क धनुष्याला लावलंय. फ्रेंचमार्गे इंग्रजीत येता येता ‘ह’ गळाला, आणि कौतुक हत्याराकडून ते चालवणाऱ्याकडं गेलं. १९६४ साली टांझानियातल्या ओल्डुवाय घळीतल्या जीवाश्मांना ‘होमो हॅबिलिस’ नाव मिळालं, तेही हा आदिमानव दगडाची हत्यारं घडवत असणार म्हणून.

आठवडी बाजारात खुरपं घेणारी बाई बघा. धार ती मागून बघते. आधी मूठ आवळते, मनगट फिरवते, बसल्या जागी मातीत दोनदा ओढून बघते. ‘ह्ये न्हाई बसत हाताला, दुसरं दाव,’ म्हणून ढिगात टाकते. लोहारही हुज्जत घालत नाही. दिवसभर सोयाबीन खुरपायचं तर तळहाताला फोड कुठं येणार, हे तिला त्या दोन ओढींतच कळलेलं असतं.

‘केपेबल’ला आपण एबलचा जुळा भाऊ समजतो, पण त्याचं घराणं वेगळं. ‘कापेरे’ म्हणजे घेणे, सामावून घेणे. आपली ‘कुवत’ त्याच्या जवळची. शिवाय त्याला एक काळी बाजू आहे. ‘केपेबल ऑफ मर्डर’ म्हणतात. तिथं ‘एबल’ घालून बघा, वाक्य लंगडतं. एखाद्याबद्दल आवाज खाली आणून ‘त्याचं काय सांगावं, काहीबी करंल’ म्हणतात ना, ते हेच.

हॅबिलिसच्या गोतातला एक शब्द मात्र मराठवाड्यानं सोसलाय: रिहॅबिलिटेशन. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि त्यानंतर हा शब्द सरकारी कागदांतून गावोगाव फिरला. आपण त्याला पुनर्वसन म्हटलं, पुन्हा वसवणं. मुळातला अर्थ पुन्हा जोगं करणं. गावं वसली खरी, सरळ ओळीतली घरं, रुंद रस्ते. जुन्या गल्लीबोळांत वाढलेल्या माणसांना ती अंगाला बसेनात. मग कुणी पुढं पत्र्याची पडवी काढली, कुणी मागं जनावरांपुरता आडोसा केला, कुणी कंपाउंडची भिंत घातली. कागदावरचं काम तोवर कधीच पूर्ण झालेलं होतं.