वेस्टा: सरकणारा ठिपका

मार्च 2021. वेस्टा या लघुग्रहाची नुकतीच प्रतियुती झालेली, म्हणजे आकाशात तो सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला आलेला, आणि तो सिंह राशीत, पूर्वा फाल्गुनीच्या दोन ताऱ्यांजवळ होता. माझ्याकडे 10×50ची द्विनेत्री. वहीत झाकण ठेवून वर्तुळ आखलं आणि दिसले तेवढे तारे शिसपेन्सिलीने टिपले. त्यातला वेस्टा कोणता, हे पहिल्या रात्री कळलंच नाही. सगळे सारखेच ठिपके.

तीन रात्रींनी पुन्हा तेच तारे काढले. एक सोडून सगळे जागच्या जागी. तो एक मघेच्या बाजूला सरकला होता, साधारण दीड चंद्रबिंबाएवढा. वक्री, म्हणजे ताऱ्यांमधून उलटा, चालत होता ना! ग्रह वक्री होतो हे मी शंभरदा वाचलंय, पण स्वतःच्या वहीत ते उमटलेलं पाहून अंगावर काटा आला.

29 मार्च 1807 रोजी जर्मन खगोलशास्त्रज्ञ ओल्बर्सना वेस्टा सापडला. नाव सुचवलं गणितज्ञ गाउस यांनी. लघुग्रहांमध्ये हा सर्वांत तेजस्वी. प्रतियुती अनुकूल असली आणि आकाश खरंच काळोखं असलं, तर नुसत्या डोळ्यांनीही दिसतो. व्यास जेमतेम सव्वापाचशे किलोमीटर, आणि दक्षिण ध्रुवाशी धडकेने झालेलं ऱ्हिआसिल्व्हिया नावाचं विवर आहे ते जवळजवळ पाचशे किलोमीटर रुंद! त्याच्या मधोमध वीसेक किलोमीटर उंच डोंगर. नासाच्या डॉन यानाने 2011-12मध्ये वर्षभर त्याच्याभोवती फिरून हे सगळं जवळून टिपलं.

अशा धडकांमध्ये उडालेले तुकडे आपल्यापर्यंत पोचलेत, हे मला सगळ्यात भारी वाटतं. 1970मध्ये वेस्टाचा वर्णपट एका जातीच्या उल्कापाषाणांशी जुळला. यूक्राइट त्यांचं नाव. म्हणजे थिजलेला लाव्हाच. सूर्यमाला अगदी कोवळी असताना किरणोत्सारी ॲल्युमिनियमच्या उष्णतेने वेस्टा आतून वितळला होता, त्या काळातला.

असा एक यूक्राइट मी संग्रहालयात काचेआड पाहिलाय. वातावरणातून येताना वितळलेली वरची साल काळी, चकचकीत, लाखेसारखी. कोपरा तुटला होता तिथे आतला राखाडी, बारीक दाण्यांचा दगड दिसत होता. काचेला नाक लावून मी बराच वेळ उभा होतो.

आता वेस्टा शोधताना द्विनेत्रीतल्या ठिपक्यावर तो तुटका कोपरा आठवतो. वही अजून तीच आहे. सिंह राशीची पानं भरली, पुढची तूळ राशीची, 2025च्या मे महिन्यातली.