एवढासा?

"मंडईतले व्हिडिओ मोबाइलवर काढतेस ते काय वाईट आहे?" हा आईचा प्रश्न कानात घेऊनच आज सीएसएमटीला उतरले आणि बोरा बाजारात शिरले. डोक्यात सोनीचा झेडव्ही-१ कॅमेरा पक्का होता. दुकानातल्या काकांनी तो हातात दिला. "ताई, आधी हात लांब करून स्वतःकडे बघा."

बघितलं. लेन्स २४ मिमीची, हात माझा आखूड. सगळ्या चौकटीत मीच! चालताना हलू नये म्हणून स्टॅबिलायझेशन चालू केलं, तर ते कडा कापतं; कपाळही अर्धं गेलं. मग मागची भाजी मंडई दाखवायची कुठे?

त्याचाच पुढचा अवतार, मार्क २, घेतला हातात. तो १८ मिमीपासून सुरू होतो (आकडा लहान, तेवढी चौकट रुंद), त्यामुळे काका, काउंटर, भिंतीवरचा गणपती, सगळे मावले. पण झूम ५० मिमीला संपतो आणि ऑप्टिकल (लेन्समधलं) स्टॅबिलायझेशन गायब. एका हाताने द्यायचं, दुसऱ्याने काढून घ्यायचं.

शेवटी डीजेआयचा पॉकेट ३. वजन १७९ ग्रॅम, एक इंची सेन्सर, गिंबल (कॅमेरा स्थिर धरणारा फिरता दांडा) अंगचाच. पडदा आडवा फिरवला की सुरू. दुकानाच्या पायऱ्या मुद्दाम धाडधाड उतरले (काका जरा घाबरले), चित्र जागचं हललं नाही. ऑप्टिकल झूम नाही, पण कोथिंबिरीची जुडी दाखवायला मला झूम कशाला?

किंमत ऐकून मात्र गप्प झाले. काकांनीच विचारलं, "मंडईत गलका असतो, माइक आहे का?" नव्हता.

फक्त कॉलर माइक घेऊन घरी आले. आईने पिशवीत डोकावून पाहिलं. "एवढासा कॅमेरा?"